संगीत विभागातली इंटर्नशिप: तबकड्या, नोटेशन आणि लेबलवर न छापलेली नावं

कोमलऋषभ

एका मोठ्या ग्रंथालयाच्या संगीत विभागात मी सध्या इंटर्न आहे. काम कॅटलॉगिंगचं. विभागात छापील नोटेशन आहे, हस्तलिखितं आहेत, ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) लाखेच्या तबकड्या, एलपी, कॅसेट, सीडी असं सगळं आहे, आणि त्यातलं बरंचसं अजून कॅटलॉगमध्ये चढलेलं नाही. वस्तू कपाटात असते, पण शोधणाऱ्याला दिसत नाही. ती त्याला दिसेल असं करणं हे माझं काम. मला हे काम मनापासून आवडतं आणि याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दिवस ट्रॉलीपासून सुरू होतो. आमच्या विभागातल्या ज्येष्ठ कॅटलॉगर मॅडम आदल्या संध्याकाळी वस्तू लावून ठेवतात. हात धुऊन कोरडे करायचे आणि आधी नुसतं बघायचं. तबकडी कडेने धरायची, खाचांना बोट लागू द्यायचं नाही. टेबलावर पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. मग इतर ग्रंथालयांनी त्याच वस्तूची नोंद केली आहे का ते वर्ल्डकॅट या ग्रंथालयांच्या सामायिक ऑनलाइन कॅटलॉगमध्ये शोधायचं. असली तर ती ओळ न् ओळ ताडून घ्यायची, नसली तर पहिल्यापासून करायची.

संगीत आणि पुस्तकं इथे वेगळी पडतात. पुस्तकाचं साल, प्रकाशक, आयएसबीएन बहुधा एकाच पानावर सापडतं. जुन्या छापील नोटेशनवर साल नसणं हेच नेहमीचं. मग पानांच्या तळाशी बघायचं. तिथे प्रत्येक पानावर एकच बारीक क्रमांक असतो, तो प्लेट क्रमांक. धातूच्या पत्र्यावर नोटेशन कोरून छापायचे, त्या पत्र्यांचा तो क्रमांक. प्रकाशकाचे कोणते क्रमांक कोणत्या वर्षांतले हे माहीत असेल तर त्यावरून साल बरंच जवळ आणता येतं. पण पत्रे अनेक वर्षं जपून पुन्हा पुन्हा छापत असत, त्यामुळे ते साल कोरल्याचं, हातातली प्रत त्यानंतर कितीतरी वर्षांनीही छापलेली असू शकते. नोंदीत ते साल चौकटी कंसात आणि प्रश्नचिन्हासकट जातं. छापील संगीतासाठी आयएसएमएन नावाचा क्रमांक आहे खरा, पण तो १९९३ पासूनचा. २००८ पासून तो तेरा अंकी झाला आणि ९७९-० ने सुरू होतो. आमच्या ट्रॉलीवरच्या बहुतेक वस्तू त्याच्या कितीतरी आधीच्या.

मग मोजमाप. नोटेशनची उंची सेंटीमीटरमध्ये, आणि अपूर्णांक आला तर वरचा पूर्ण अंक, म्हणजे २७.२ आलं तर २८. स्कोअर (सगळ्या वाद्यांचं एकत्र नोटेशन) किती पानांचा, सोबत वेगवेगळ्या वाद्यांचे पार्ट्स किती, ते सगळे आहेत का. चार वाद्यांच्या चौकडीच्या नोटेशनमधला व्हायोलाचा पार्ट हरवलेला असेल तर ते नोंदीत यायलाच हवं. कुणीतरी तालमीच्या भरवशावर ते घरी नेणार असतं.

आणि शीर्षक. बेथोव्हनचा पियानोचा चौदावा सोनाटा घ्या, ओपस (रचनांना दिलेला क्रमांक) २७ मधला दुसरा. १८०२ मध्ये छापला गेला तेव्हा त्याच्यावर 'चांदणं' वगैरे काही नव्हतं, ते नाव बेथोव्हनच्या मृत्यूनंतर चिकटलं. आता एका प्रतीवर इंग्रजीत 'मूनलाइट', दुसऱ्यावर जर्मन नाव, तिसऱ्यावर फक्त ओपस क्रमांक. मुखपृष्ठावर जे छापलंय ते मी तसंच उतरवते, पण त्याच्याबरोबर एक ठरलेलं शीर्षकही देते: सोनाटा, पियानो, क्रमांक, ओपस, स्वरस्थान (इंग्रजीत 'की'). या एका ओळीमुळे सगळ्या प्रती एका जागी येतात. नाहीतर वाचकाला एक मिळते आणि ग्रंथालयात तेवढीच आहे असं त्याला वाटतं.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते. ७८ च्या तबकड्यांवर गाणाऱ्याचं नाव असतं, रागाचं असतं, कधी तालाचं. तबला कोणी वाजवला, सारंगीवर कोण, पेटीवर कोण, हे पुष्कळदा नसतंच. कानाला तर स्पष्ट ऐकू येतं की कुणीतरी जीव ओतून साथ करतंय. त्या माणसाला नोंदीत कुठे आणि कसं बसवायचं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. तुमच्यापैकी कुणी या क्षेत्रात असाल, किंवा जुन्या रेकॉर्ड्स ऐकणारे असाल, तर लिहा.

जुनीतबकडी

फार छान लिहिलंत. मी ग्रंथालयातला नाही, संग्राहक आहे, पण तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या जगण्यातला आहे. लेबलवर नाव नसतं हे खरं. पण आम्ही जी मंडळी वर्षानुवर्षं ऐकत आलोय त्यांना ठेक्यावरून, बोटांच्या निकासावरून कळतं की हा अमुकच. मग लिहा की सरळ! आम्ही गेल्यावर हे सांगणारं कोण उरणार? तुमचे नियम पाळता पाळता माहितीच नाहीशी झाली तर त्या नियमांचा उपयोग काय?

अवांतर: १९०२ च्या नोव्हेंबरात गायिका गौहर जान यांनी ग्रामोफोन कंपनीच्या गेसबर्गसाठी ध्वनिमुद्रण केलं. त्या काळच्या तबकड्यांच्या शेवटी गायिका स्वतः आपलं नाव इंग्रजीत सांगतात ते ऐकलंय का? मुद्रणं तबकड्या दाबायला जर्मनीत हानोव्हरला जायची, तिथल्या कारागिरांना कोण गातंय ते कळावं म्हणून ही पद्धत पडली असं सांगतात.

खर्जातला

वाचतोय. एक भाबडा प्रश्न. मी गाणं शिकतो, ग्रंथालयात फार कमी जातो. मला 'यमन' हवा असेल तर यमन टाकून शोधता येतं का? एकदा प्रयत्न केला होता तेव्हा भलतंच काहीतरी आलं, म्हणून पुन्हा गेलो नाही.

कोमलऋषभ

@जुनीतबकडी, ऐकलंय, आणि त्या घोषणेचं कॅटलॉगरला महत्त्व किती आहे ते सांगते. आमच्याकडे लेबल पार पुसलेल्या काही तबकड्या आहेत. त्यातल्या एकीच्या शेवटी गायिका आपलं नाव सांगते. लेबल वाचता येत नसलं तरी नाव वस्तूच्या आतूनच मिळालं, त्यामुळे ते पक्कं धरता येतं. फक्त टीप द्यायची की नाव मुद्रणातल्या घोषणेवरून घेतलंय. त्यासाठी तबकडी शेवटपर्यंत ऐकावी लागते आणि घाईच्या कामात पहिली काट तिथेच बसते. मॅडमनी मात्र ऐकण्यासाठी वेळ राखून ठेवलाय, याचं मला फार अप्रूप आहे.

'सरळ लिहा' याबद्दल मात्र थोडं थांबते. इथे कुणी अनुभवी कॅटलॉगर आहेत का?

@खर्जातला, प्रश्न अजिबात भाबडा नाही, माझ्या कामाचा निम्मा भाग त्यातच जातो. राग म्हणजे 'रचना' नाही. यमन कुणी 'लिहिलेला' नाही. त्यामुळे संगीतकार-रचना-आवृत्ती अशा साच्यात तो बसत नाही, आणि हे सगळे नियम मुळात त्या साच्याभोवती उभे राहिलेत. आमच्याकडे आम्ही गाणाऱ्याला मुख्य निर्मात्याच्या जागी ठेवतो आणि राग, ताल, बंदिशीची पहिली ओळ हे तिन्ही आशयाच्या टीपेत लिहितो. शिवाय राग आणि पहिली ओळ शोधायच्या शीर्षकांतही देतो, म्हणजे यमन टाकल्यावर यमनच यावा. 'एरी आली पिया बिन' किती जणांनी गायलीय ते तुम्हाला मी सांगायला नको. लेबलांवर तिचं स्पेलिंग दर वेळी वेगळं. एक रूप ठरवून सगळी त्याला जोडली की शोधणाऱ्याला एका ठिकाणी इतके आवाज मिळतात! मागे तुम्हाला भलतं मिळालं असेल, पण पुन्हा एकदा शोधून बघा. नोंदी रोज सुधारत असतात.

तालिकाकार

मी या कामात अनेक वर्षं आहे, इंटर्न मंडळींना शिकवतोही. जुनीतबकडी यांच्या मुद्द्याला नीट उत्तर द्यायला हवं, कारण तो योग्य आहे आणि अपुराही आहे.

नोंदीत दोन वेगळ्या प्रकारची विधानं असतात. एक, वस्तूवर काय आहे. ते जसंच्या तसं. लेबलवर गायकाच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं असेल तर चुकलेलंच उतरवायचं, कारण उद्या कुणी हातातली तबकडी नोंदीशी ताडून बघेल तेव्हा तीच ती आहे हे त्याला त्यावरूनच कळणार. दोन, आम्हाला वस्तूबद्दल काय माहीत आहे. हे दुसरं लिहायला कुणाचीही मनाई नाही. बाहेरचा आधार घेऊन साथीदाराचं नाव देता येतं. अट एवढीच, की कशावरून ते सांगायचं. कंपनीची यादी असेल, त्या काळची जाहिरात असेल, साथीदाराची मुलाखत असेल, तर तो आधार टीपेत लिहायचा.

आधार फक्त 'ऐकून कळतं' हा असेल तर? तेही लिहिता येतं, पण त्याच शब्दांत: 'तबला-साथ अमुक यांची असावी, संग्राहकाच्या मते.' मग नावापुढे संशय राहतो आणि तो दिसतो. ही टीप वाचून उद्या कुणी अभ्यासक खरं-खोटं करायला निघेल. छातीठोकपणे नाव लिहून टाकलं तर मात्र ती नोंद दुसरं ग्रंथालय उचलतं, तिसरं त्याच्यावरून उचलतं, आणि काही वर्षांत 'सगळीकडे असंच लिहिलंय' हाच पुरावा होऊन बसतो. मी हे होताना पाहिलं आहे. मग निस्तरणं फार अवघड जातं.

म्हणून काका (वयाने मोठे असाल असं धरून म्हणतो), तुम्ही जे जाणता ते आम्हाला हवंच आहे. फक्त ते तुमच्या नावाने, तुमची साक्ष म्हणून यावं. ग्रंथालयाला पत्र लिहा. तबकडीचा क्रमांक, बाजू, तुम्हाला काय वाटतं, कशावरून वाटतं, एवढं पुरे. ते पत्र फाइलला लागतं आणि टीपेला आधार मिळतो.

जुनीतबकडी

वयाने मोठाच आहे, काका म्हणा खुशाल. तुमचं म्हणणं पटलं. पत्राची कल्पना मला कुणी कधी दिली नव्हती. माझी वही आहे, त्यात प्रत्येक तबकडीपुढे असे शेरे लिहिलेत. त्यातले ज्यांची खात्री आहे आणि ज्यांची नाही ते आता वेगवेगळे करायला घेतो.

क्रमांक म्हणाल तर कुठला द्यायचा? लेबलवर एक असतो आणि खाचा संपतात त्या गुळगुळीत पट्ट्यावर दुसराच कोरलेला असतो.

कोमलऋषभ

काका, दोन्ही द्या! लेबलवरचा तो विक्रीचा, म्हणजे यादीतला क्रमांक. पट्ट्यावरचा मॅट्रिक्स क्रमांक, तो त्या विशिष्ट मुद्रणाचा. एकच मुद्रण पुढे वेगळ्या लेबलखाली, वेगळ्या विक्री क्रमांकाने पुन्हा निघतं, तेव्हा मॅट्रिक्स क्रमांकावरूनच कळतं की गाणं तेच आहे. मार्कमध्ये, म्हणजे संगणकाला वाचता येणाऱ्या नोंदीच्या साच्यात, क्रमांक दिलेली क्षेत्रं असतात; त्यातल्या ०२८ या क्षेत्रात दोन्ही जातात, आधीच्या दर्शक अंकाने फरक दाखवायचा: विक्री क्रमांकाला ०, मॅट्रिक्सला १, छापील नोटेशनच्या प्लेट क्रमांकाला २. मला हे क्षेत्र फार आवडतं. वरवर नुसते आकडे, पण तीच तबकडी दोनदा घेतली जाण्यापासून ते वाचवतं आणि दोन वेगळ्या तबकड्या एक समजल्या जाण्यापासूनही.

तालिकाकार सर, तुमचं उत्तर मी मॅडमना वाचून दाखवलं. त्यांनी त्यात एक भर घातली. साथीदाराचं नाव नाही मिळालं तरी वाद्य तर मिळतं ना? ३८२ या क्षेत्रात सादरीकरणाचं माध्यम लिहितात: आवाज, तबला, सारंगी, पेटी, तानपुरा. माध्यमांसाठी २०१४ पासून अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची वेगळी शब्दसूची आहे. ते भरलं की पुढे कुणी 'आवाजाबरोबर सारंगी असलेली मुद्रणं' असं शोधलं तर ही तबकडी वर येते. वाजवणाऱ्याचं नाव आज नाही, पण त्याची सारंगी सापडते. आणि सारंगीचा अभ्यास करणारा कुणी ती ऐकून नावही सांगेल कदाचित. आता मी साथीची वाद्यं ऐकून ठरवल्याशिवाय तबकडी खाली ठेवत नाही.

पानगळ

ग्रंथालयशास्त्राची विद्यार्थिनी. अशीच इंटर्नशिप करायची आहे. संगीत कितपत यावं लागतं? आणि मार्कबद्दल अभ्यासक्रमात जेवढं आहे तेवढं पुरतं का?

तालिकाकार

मार्कचा सांगाडा कळला तर बाकी काम करता करता येतं. तो १९६० च्या दशकात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्राम या प्रोग्रॅमर बाईंच्या नेतृत्वाखाली घडला, आणि इतक्या वर्षांनीही जगभरच्या नोंदी त्याच चौकटीत फिरतात. पाठ करू नका. शंभर नोंदी उघडून वाचा, शक्यतो हातात ती वस्तू घेऊन. वर्गीकरणातही संगीत वेगळं आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पद्धतीत एम म्हणजे प्रत्यक्ष संगीत, एमएल म्हणजे संगीताविषयीचं लेखन, एमटी म्हणजे शिकवण्याचं साहित्य. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणातला ७८० चा, म्हणजे संगीताचा, भाग १९८९ च्या विसाव्या आवृत्तीत मुळापासून बदलला, त्यामुळे जुन्या ग्रंथालयांत एकाच विषयाची पुस्तकं दोन ठिकाणी दिसली तर दचकू नका.

संगीत मात्र वाचता यायला हवं. वाजवता नाही आलं तरी चालेल. पाश्चात्त्य नोटेशनमध्ये स्कोअर आणि पार्ट यांतला फरक, किती आवाज, कोणती वाद्यं, कुठल्या स्वरात, एवढं बघताक्षणी कळावं. थोडं जर्मन आलं तर फार उपयोग. जर्मन प्रतीवर 'बे' म्हटलेला स्वर इंग्रजीतला बी नसतो, बी फ्लॅट असतो, आणि इंग्रजीतल्या बीला ते 'हा' म्हणतात. हे ठाऊक नसेल तर अख्ख्या रचनेचं स्वरस्थान चुकीचं नोंदलं जातं.

खर्जातला

आपल्याकडच्या स्वरलिपीच्या पुस्तकांचं काय करता? ती 'पुस्तकं' म्हणून जातात की 'संगीत' म्हणून?

कोमलऋषभ

यावर आमच्याकडे मोठी चर्चा झाली होती. मार्कमध्ये अगदी सुरुवातीलाच वस्तूचा प्रकार एका अक्षराने सांगावा लागतो. पुस्तकाला एक अक्षर, छापील नोटेशनला दुसरं, संगीताच्या ध्वनिमुद्रणाला तिसरं, भाषणासारख्या मुद्रणाला चौथं. बंदिशींच्या संग्रहात मुख्य ऐवज स्वरलिपीचा असेल तर तो 'नोटेशन' म्हणूनच जायला हवा असं माझं ठाम मत आहे. सा रे ग म देवनागरीत लिहिलंय म्हणून ते नुसता मजकूर ठरत नाही. मजकूर म्हणून गेलं की 'फक्त नोटेशन' अशी चाळणी लावणाऱ्याला आपल्या परंपरेचं काही दिसतच नाही. मॅडमही याच मताच्या आहेत.

आणि कोणती स्वरलिपी, हे लिहायलाच हवं. भातखंडे आणि पलुस्कर पद्धतींत तीच खूण उलट अर्थाने येते. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर बिंदू म्हणजे तार सप्तक आणि खाली बिंदू म्हणजे मंद्र. पलुस्कर पद्धतीत डोक्यावर बिंदू म्हणजे मंद्र, तार सप्तकाला उभी रेघ. समेची खूण भातखंड्यांची फुली, पलुस्करांची १ चा आकडा. खाली भातखंड्यांकडे शून्य, पलुस्करांकडे अधिकचं चिन्ह. एका पद्धतीत शिकलेल्या विद्यार्थ्याने दुसऱ्या पद्धतीतलं जुनं पुस्तक मागवलं आणि नोंदीत काहीच नसलं तर तो चाल दोन सप्तकं उलटीपालटी वाचेल. ५४६ या क्षेत्रात एक ओळ लिहिली की हे टळतं. माझ्या सगळ्या कामात एवढी छोटी आणि एवढी उपयोगी ओळ दुसरी नसेल.

खर्जातला

हे वाचून उडालोच! गुरुजींकडे एक जुनं पुस्तक आहे, त्यातल्या चाली आम्हाला नेहमी विचित्र वाटायच्या. आज जाऊन बघतो कुठल्या पद्धतीचं आहे.

मींडवाली

+१. फार चांगला धागा. माझा प्रश्न कीर्तनाच्या मुद्रणांबद्दल. पूर्वरंगातलं निरूपण बोललेलं, मध्ये पदं, अभंग, उत्तररंगात आख्यान, त्यातही गाणं. हे संगीत धरायचं की भाषण?

कोमलऋषभ

याचं उत्तर दर मुद्रणाला वेगळं येतं. पहिलं अक्षर एकच निवडावं लागतं, प्रधान काय ते ऐकून. पण ३३६ हे आशयाचं क्षेत्र दोनदा देता येतं: 'सादर झालेलं संगीत' आणि 'उच्चारित शब्द'. दोन्ही दिलं की कुठल्याही बाजूने शोधलं तरी सापडतं. आशयाच्या टीपेत पदांच्या पहिल्या ओळी देते. वेळखाऊ आहे, कारण त्या कुठे छापलेल्या नसतात, ऐकूनच उतरवाव्या लागतात. पण कीर्तनात गायलेलं एखादं पद दुसरीकडे कुठेही मुद्रित झालेलं नसू शकतं. ती ओळ नोंदीत नसेल तर ते पद त्या तासाभराच्या कॅसेटमध्ये गाडलेलंच राहणार.

जुनीतबकडी

वेग कसा नोंदवता? सगळ्यांवर ७८ लिहिता का? १९२५ च्या आधीच्या, म्हणजे विजेचा मायक्रोफोन येण्यापूर्वीच्या तबकड्या नेमक्या ७८ वर कापलेल्या नसतात. काही सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, काही ऐंशीच्या वर. चुकीच्या वेगाने लावली की बाईंचा षड्ज सरकतो, आवाज कोवळा नाहीतर जाड होतो. अशाच ऐकून लोक गायकांच्या पट्टीबद्दल मतं बनवून बसलेत.

तालिकाकार

काका, बरोबर. नोंदीत वेग साधारणपणे ७८ असाच जातो, तो प्रकार सांगण्यासाठी. पण डिजिटल प्रत करताना प्रत्यक्ष कोणता वेग धरला आणि कशावरून, हे वेगळ्या टीपेत लिहिणं आवश्यक आहे. मूळ तबकडी नंतर कुणाला हाताळायला मिळेलच असं नाही, डिजिटल प्रतच ऐकली जाणार. पट्टीचा अंदाज पेटीच्या सुरावरून घेता येतो का यावर ध्वनिमुद्रणवाल्यांचे वाद आहेत, त्यात कॅटलॉगरने पडू नये. जे केलं ते लिहावं.

स्वच्छतेबद्दलही एक सांगून ठेवतो, इथे संग्राहक आहेत म्हणून. लाखेच्या तबकडीला अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रावण लावू नका, लाख त्यात विरघळते. व्हिनाइलसाठी विकत मिळणारी काही द्रावणं याच कारणाने ७८ च्या तबकडीला घातक ठरतात. आणि तबकड्या उभ्या ठेवा, आडव्या ढिगात नको.

पानगळ

एक शेवटचं विचारते. दिवसभर हेच करताना कंटाळा येत नाही का? खरं सांगा. माझ्या वर्गात सगळे म्हणतात की कॅटलॉगिंग आता यंत्रं करतील.

कोमलऋषभ

नावांच्या अधिकृत रूपांचं काम कधी कधी जड जातं. एकाच कलावंताचं नाव लेबलांवर रोमन लिपीत निरनिराळ्या स्पेलिंगांनी येतं, 'मिस', 'उस्ताद', 'मास्टर', गावाचं नाव पुढे-मागे. बालगंधर्व आणि नारायण श्रीपाद राजहंस ही एकच व्यक्ती हे आपल्याला ठाऊक आहे, कॅटलॉगला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. उलट, एकाच नावाचे दोन गायक वेगळे ठेवायचे तर जन्म-मृत्यूची सालं शोधावी लागतात. दुपारी डोळे थकतात. पण कंटाळा? नाही. थकल्यावर मी हेडफोन लावून पुढची तबकडी ऐकायला घेते.

यंत्र लेबल वाचेल, स्पेलिंग सुचवेल, आम्हीही अशी साधनं वापरतो. पण लेबलवर जे नाहीच ते लेबल वाचून मिळणार नाही. आणि यंत्राने साथीदाराचं नाव सुचवलं तरी सरांनी लिहिलं तोच प्रश्न उरतो: कशावरून? ते विचारणारं माणूस हवंच. वर्गातल्या मंडळींचं ऐकून अर्ज करायचा थांबू नका. अर्जात एखाद्या वस्तूचं स्वतः केलेलं वर्णन जोडा, घरातली साधी कॅसेट घेतलीत तरी चालेल. आमच्याकडे निवड करताना तेच आधी वाचतात.

जुनीतबकडी

वहीतली पहिली यादी तयार झाली. तीन रकाने केलेत: आधार आहे, ऐकून खात्री आहे, नुसती शंका आहे. दुसऱ्या रकान्यात कशावरून तेही लिहिलंय, जसं 'तिसऱ्या आवर्तनातली तिहाई' किंवा 'बायाँची घिस'. विक्री क्रमांक आणि मॅट्रिक्स क्रमांक दोन्ही. एवढं पुरेल का, की आणखी काही हवं?

कोमलऋषभ

काका, बाजू १ की २ तेवढं प्रत्येक ओळीत टाका, आणि तुम्ही कोणत्या वेगाने ऐकलीत तेही. तुमची तबकडी आणि आमची एकच आहे का हे मी क्रमांकांवरून ताडून घेईन. शंकेचा रकाना गाळू नका, तोही पाठवा. पत्र विभागप्रमुखांच्या नावे करा आणि तळाशी सही-तारीख असू द्या, म्हणजे टीपेत आधार म्हणून देता येईल.